परदेशी विद्यार्थ्याशी इंग्रजीत गप्पा माराव्यात कशा?

पहिल्या भेटीत पुस्तक उघडू नका. आधी समोरच्याचं नाव त्याच्याकडूनच शिकून घ्या. चुकलं तर पुन्हा म्हणा, त्याला दुरुस्त करू द्या. परक्या भाषेत जीभ कशी अडखळते हे त्याला तुमच्यातही दिसलं, की त्याची भीड निम्मी होते.

मग इंग्रजी कशासाठी हवं ते विचारा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या चाचणीची तोंडी परीक्षा द्यायची असेल तर ती 11 ते 14 मिनिटांची असते. तिच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं, त्यामुळे घड्याळ लावूनच सराव करा. वर्गमित्रांशी बोलता यावं एवढंच हवं असेल तर घड्याळ नको.

प्रश्न असा विचारा की हो-नाही म्हणून सुटता येणार नाही. मोबाइलमधला एखादा फोटो निवडायला सांगा आणि म्हणा, ‘टेल मी अबाउट धिस.’

आणि थांबा. सगळ्यात अवघड काम हेच आहे. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला याहून जास्त वेळ द्यायला हवा. मी मनात दहापर्यंत मोजते.

ही सवय मला एका मुलीमुळे लागली. ‘माय ग्रँडमदर इज व्हेरी... व्हेरी...’ म्हणत ती शब्द शोधत होती. मी पटकन ‘ओल्ड’ म्हणून टाकलं. तिने मान डोलावली आणि विषय संपला. दोन आठवड्यांनी कळलं, तिला ‘हट्टी’ म्हणायचं होतं. डॉक्टरांनी मनाई केली तरी रोज जिना चढणाऱ्या आजीची गोष्ट तिच्या ओठांवर होती, आणि मी ती तिथेच अडवली होती.

आता चुकांचं. प्रत्येक चुकीवर टोकलं तर बोलणंच थांबतं. एका बैठकीत एकच गोष्ट धरा, समजा भूतकाळ. ‘येस्टरडे आय गो टू लायब्ररी’ असं कानावर आलं की ‘ओह, यू वेंट टू द लायब्ररी?’ म्हणत गप्पा पुढे न्या. पण एवढ्यावर भागत नाही. लिस्टर आणि रांता या संशोधकांच्या 1997च्या अभ्यासात दिसलं, की शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरतात, पण मुलं अशा दुरुस्तीची दखल सगळ्यात कमी घेतात. म्हणून अधूनमधून ‘येस्टरडे आय...?’ एवढंच म्हणून थांबा. ‘वेंट’ त्यालाच आठवू द्या. बाकीच्या चुका वहीत टिपून ठेवा.

विद्यार्थ्याची मातृभाषा थोडी जाणून घेतली, तर पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या वाटेनाशा होतात. बोलल्या जाणाऱ्या मँडरिनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींना ‘ता’च म्हणतात, म्हणून ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल होते. अरबीत ‘प’ नसल्याने तिथे ‘ब’ येतो. स्पॅनिश बोलणारा ‘एस्कूल’ म्हणतो. इंग्रजीत नामाआधी लागणारे ‘अ’ आणि ‘द’ (a, the) रशियनमध्ये नाहीत. ते मराठीतही नाहीत, त्यामुळे ही अडचण आपल्याला मनापासून कळते. जपानी माणसाला ‘डोन्ट यू लाइक इट?’ विचारलं तर तो ‘येस’ म्हणेल, आणि त्याचा अर्थ ‘हो, नाही आवडत’ असाही असू शकतो. आपणही तसंच बोलतो. असे नकारार्थी प्रश्न टाळलेलेच बरे.

‘समजलं का?’ हेही विचारू नका. भिडेपोटी सगळे हो म्हणतात. ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. वहीतल्या दोन-तीन चुका त्याला दाखवा आणि मघाची फोटोची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावा. आता काय सांगायचं ते ठरलेलं असतं, त्यामुळे कसं सांगायचं याकडे त्याचं लक्ष जातं. ती दुसरी खेप मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाच पाठवा.