आरएफआयडी लेबलवर सारखं 'व्हॉइड' छापून येतंय?

नवा रोल लावला की प्रिंटर लेबलामागून लेबल 'व्हॉइड' (म्हणजे चिपमध्ये डेटा लिहिता आला नाही, लेबल बाद) छापून बाहेर टाकतो, आणि आत रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप असलेली ही लेबलं साध्या बारकोड लेबलापेक्षा कितीतरी महाग. बहुतेक वेळा रोल खराब नसतो. चिपची जागा आणि प्रिंटरमधल्या अँटेनाची जागा जुळत नसते, एवढंच.

१. आधी नेहमीचं मीडिया कॅलिब्रेशन करा. लेबलाची लांबी आणि मधली गॅप प्रिंटरला नीट कळायला हवी.

२. मग मेनूतून आरएफआयडी कॅलिब्रेशन चालवा. लेबल हळूहळू पुढे-मागे सरकतं आणि प्रिंटर प्रत्येक जागी चिप वाचून बघतो. याला काही मिनिटं लागतात. मध्येच कव्हर उघडू नका, लेबल ओढू नका.

३. तरीही शेजारच्याच लेबलावर डेटा जात असेल तर राइट पॉवर (चिपमध्ये डेटा लिहिणाऱ्या सिग्नलची ताकद) एकेक पायरी कमी करा. पॉवर वाढवायचा मोह होतो, पण त्याने शेजारची चिपही जागी होते.

४. डेटाही तपासा. ९६ बिटच्या ईपीसीला (चिपमध्ये लिहायचा वस्तूचा कोड) हेक्सचे (० ते ९ आणि A ते F) बरोबर २४ अंक लागतात. एक्सेलमधून आकडे घेताना सुरुवातीची शून्यं गळतात, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा.

लेबलाचा मेक किंवा साइज बदलली की पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा.

एक जपा: चिपचा उंचवटा असतो तिथे बारकोड किंवा मजकूर ठेवू नका. छपाई फिकी येते आणि प्रिंटहेड लवकर झिजतं.