फोटोत तोंड आवळतं, त्यांच्यासाठी

माझा स्टुडिओ सोलापूरच्या साखर पेठेत आहे. येणारी निम्मी माणसं स्टुलावर टेकायच्या आधीच सांगून टाकतात, "माझे फोटो चांगले येत नाहीत बघा." चेहऱ्यात काही खोट नसते. बिघडतं ते भलतीकडेच, आणि बरंचसं घरी, मोबाइलवरही सुधारता येतं.

आधी आरशाचं बघू. स्वतःचा चेहरा आपण रोज उलटा बघतो. फोटोत तो सुलटा येतो, भांगाची बाजू बदलते आणि आपणच आपल्याला परके वाटतो. १९७७ साली अमेरिकेत यावर प्रयोग झाला होता: माणसांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटा. तेव्हा फोटो निवडायचं काम स्वतःकडे ठेवूच नका. बहिणीला द्या, शेजारणीला द्या.

सेल्फीवरून स्वतःला जोखू नका. हातभर अंतरावरून नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ असतं, कान त्यामानाने लांब. मग नाक फुगणारच. फोन दुसऱ्याकडे द्या, त्याला पाच-सहा फूट मागे उभं करा आणि थोडं झूम करायला सांगा. फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीला हवा.

आता उजेड. सोलापूरचं दुपारचं ऊन फोटोच्या कामाचं नाही. डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. घराच्या दारात, उंबऱ्याच्या हातभर आत, तोंड बाहेर करून उभे राहा. बाहेरून उजेड येतो, ऊन येत नाही. एक गाल फारच काळा पडला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरा टॉवेल उघडून धरायला सांगा. टॉवेलला आपल्या गावात तोटा नाही. पाठीमागे मात्र मोठ्या नक्षीची चादर टांगू नका, नजर नक्षीवरच जाते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेल्यांचे फोटो उन्हात काढले की कपडे पांढरेफटक आणि चेहरे काळे येतात. त्यांना आधी सावलीत घ्या, मग फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड जुळवा.

चष्म्याच्या काचेवर चमक आली तर काड्या कानावर किंचित वर उचला. काम होतं.

खरी मेख हातांची. रिकाम्या हातांचं काय करायचं ते माणसाला कळत नाही, आणि ते अवघडलेपण खांद्यांवरून चढत जबड्यात जाऊन बसतं. विडी वळणाऱ्या एका अक्काचा फोटो काढायला त्यांच्या घरी गेलो होतो. जरीची साडी नेसून खुर्चीत ताठ बसल्या, ओठ घट्ट मिटलेले. म्हटलं, "अक्का, सूप घ्या की मांडीवर, काम चालू द्या." "या साडीवर? लोक हसतील ओ." पण घेतलं. कात्रीने पान कापलं, तंबाखू भरली, बोटांत वळली, दोरा गुंडाळला. चार-पाच विड्या होईपर्यंत मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. तोवर खांदे खाली आले होते, आणि सुनेला चहा टाक म्हणून सांगायला त्यांनी मान वळवली तेव्हा बटण दाबलं. सूप फोटोत दिसतही नाही. सुनेने तोच मोठा करून भिंतीला लावलाय.

म्हणून "स्माइल प्लीज" म्हणू नका. शेंगा सोलायला द्या, चष्मा पुसायला सांगा, पोराला मांडीवर द्या. आणि "झालं" म्हटल्यावरही फोन लगेच खिशात घालू नका. सुटकेचा श्वास सोडतानाचा चेहरा बहुतेक वेळा सगळ्यांत मोकळा असतो.

"जरा गोरं करा" हे मी ऐकत नाही. पुटकुळी काढीन, ती आठवड्याने जाणारच असते. रंग आणि सुरकुत्या राहतील. स्थळासाठी पाठवायचा फोटो असेल तर हे दुप्पट लागू. कांदेपोह्यांना समोर तुम्हीच बसणार आहात, फिल्टर नाही.

पासपोर्टच्या फोटोला यातलं फारसं चालत नाही. पांढरा पडदा, तोंड मिटलेलं, नजर सरळ. तिथे सगळेच आरोपी दिसतात, काढा आणि मोकळे व्हा.