सोलरवाला दारात येण्याआधी काढून ठेवायच्या गोष्टी

सोलरवाला आला की चहा होतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्याला युनिट किती पडतात? घरचा कर्ता माणूस आढ्याकडे बघून म्हणतो, ‘दीडशेक धरा.’ किती किलोवॉटचं बसवायचं, बिल किती उतरणार, पैसे किती वर्षांत निघणार, हा पुढचा सगळा हिशेब मग त्या ‘दीडशेक’वर उभा राहतो. स्मार्ट मीटरच्या दिवसाच्या सवलतीचा फायदा किती, पंखे बदलावे की नाही, हे प्रश्नही तिथेच येऊन अडकतात. आकडा कोणी खोटा सांगत नाही. शेवटचं बिल आठवतं आणि तेच तोंडून निघतं. ते बिल मे महिन्याचं असेल तर एक उत्तर, जानेवारीचं असेल तर अगदी दुसरं.

म्हणून आधी बारा महिन्यांची बिलं जमवा. तीन चालणार नाहीत, सहाही नाहीत. आपल्या विदर्भात होळी पेटली की कूलर माळ्यावरून उतरतो आणि मृग बरसेपर्यंत त्याला विसावा नसतो. त्या तीन महिन्यांचं घर आणि दिवाळीनंतरचं घर ही विजेच्या दृष्टीने दोन वेगळी घरं आहेत. कागद सापडत नसतील तर ताज्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता छापलेला असतो. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या अॅपवर जुनी बिलंही दिसतात. ती वहीत ओळीने उतरवा: महिना, चालू रीडिंग, मागील रीडिंग, युनिट, किती दिवसांचं बिल. दिवस लिहायला विसरू नका. एक बिल २७ दिवसांचं आणि पुढचं ३४ दिवसांचं असेल तर दुसऱ्या महिन्यात वापर वाढल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात वाढलेला नसतो. युनिटांना दिवसांनी भागून ३० ने गुणलं की खरी तुलना होते.

उतरवताना रीडिंगच्या रकान्याकडे नीट बघा. कुलूप होतं, रीडिंग मिळालं नाही, मीटर नादुरुस्त, असं काही लिहिलेलं असेल तर ते बिल सरासरीचं आहे. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत सगळं घर वावरात असतं. रीडिंगवाला दुपारी येतो, दाराला कुलूप बघतो आणि निघून जातो. मग दोन महिने ९०-९० युनिट लागतात आणि तिसऱ्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं. तक्त्यात तो महिना डोंगरासारखा दिसतो आणि सोलरवाला बरोबर त्याच डोंगरावर बोट ठेवतो. अशा वेळी मधलं सगळं सोडून द्या. आधीचं एक खरं रीडिंग आणि नंतरचं एक खरं रीडिंग घ्या, वजाबाकी करा आणि महिन्यांत वाटून टाका. साचलेल्या युनिटांना स्लॅबही, म्हणजे वापर वाढेल तसा चढत जाणारा दराचा टप्पा, महिन्यांनुसार वाटूनच लागायला हवा. तसा लागला नसेल तर ती तक्रार वेगळी करा, पण करा.

आता वहीत बारा आकडे आले. एका घराचे ते असे आहेत असं समजू: एप्रिल २४०, मे २८५, जून २१०, जुलै १२०, ऑगस्ट १०५, सप्टेंबर ११०, ऑक्टोबर ११५, नोव्हेंबर ८०, डिसेंबर ७०, जानेवारी ७५, फेब्रुवारी ८०, मार्च १४०. वर्षाची बेरीज १६३०, सरासरी १३६. एकूण बेरजेपुरतं ‘दीडशेक’ फार चुकलेलं नाही. पण आपला दर सरासरीला लागत नाही, दर महिन्याच्या आकड्याला लागतो. घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे, असे आहेत. १३६ ची सरासरी धरली तर वर्षात १०० च्या वरची युनिटं ४३० निघतात. खऱ्या बारा महिन्यांतून मोजली तर ५२५ येतात. हिवाळ्यात १०० च्या खाली राहून वाचवलेली स्वस्त युनिटं उन्हाळ्यात वापरता येत नाहीत ना. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या स्लॅबचा वीज आकार ४.७१ रुपये होता आणि दुसऱ्याचा १०.२९. म्हणजे त्या ९५ युनिटांच्या फरकानेच वर्षाला पाचशेच्या वर रुपये इकडचे तिकडे झाले, वीज शुल्क वेगळं. एखाद्या घराचा मे महिना ३०० च्या पलीकडे गेला तर फरक आणखी वाढतो. तुमच्या हिशेबात मात्र चालू दरपत्रकाचे आकडे घाला. ते बदलत असतात आणि बिलावर छापलेले असतात.

हीच वही सोलरसाठी आणखी कामाची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. महिन्याला सरासरी १५० युनिटांपर्यंत एक ते दोन किलोवॉट आणि १५० ते ३०० ला दोन ते तीन, असं मार्गदर्शनही योजनेतच दिलेलं आहे. वरच्या घराने सोलरवाल्यासमोर मेचं बिल ठेवलं तर ते सरळ दुसऱ्या गटात जातं. बारा महिन्यांची वही ठेवली तर पहिल्यात राहतं. मधला फरक म्हणजे छतावरचे जास्तीचे पॅनल आणि डोक्यावरचं जास्तीचं कर्ज. विकणाऱ्याला मेचं बिलच आवडतं, हे सांगायला नकोच.

पण नुसत्या वार्षिक सरासरीवर थांबलात तर उलटा फटका बसतो, आणि तो खास आपल्या भागाचा आहे. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, दिलेली जादा वीज तुमच्या नावावर जमा राहते. ती जमा आर्थिक वर्षापुरती असते, ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या भावाने वीज घेता त्यापेक्षा बरेच कमी. आपला वापर चढतो तो नेमका एप्रिलपासून. सोलरवाला सांगतो तसे एक किलोवॉटचे दिवसाला साधारण चार युनिट, महिन्याला १२० धरले (पावसाळ्यात कमी होतात ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू), तर वरच्या घराला एप्रिल, मे, जूनमध्ये ३७५ युनिट विकत घ्यावे लागतात. पुढे ऑगस्टपासून थोडी थोडी जमा होत ३१ मार्चला १८५ युनिट उरतात आणि पडेल भावाने जातात. वर्षाच्या बेरजेत मात्र फक्त १९० युनिट कमी पडतात असंच दिसतं. हिवाळ्यातली शिल्लक उन्हाळ्यात वापरू, असं कोणी सांगितलं तर त्याला तारीख विचारा.

सोलरवाल्याचं ‘दिवसाला चार युनिट’ही जसंच्या तसं घेऊ नका. नवतपात ऊन रग्गड असतं, पण तापलेलं पॅनल वीज थोडी कमीच देतं. जुलै-ऑगस्टचे ढग वेगळे. शिवाय साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं, लाइन गेली की स्वतःही बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता लख्ख ऊन असलं तरी. कोराडी आणि चंद्रपूरची धुरांडी आपल्याच विदर्भात आहेत आणि अंधारही आपल्याच गावात, हे दुःख जुनं आहे. आता त्याचा आकडा काढायची वेळ आली आहे. आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: दिवसा लाइन किती वाजता गेली, किती वाजता आली.

मग कूलर मोजा. घरोघर अंदाज चुकतो तो इथे. एसीला सगळे भितात, कूलर फुकटात चालतो असं धरतात. त्याच्या पाटीवरचा वॅटचा आकडा मिटलेला असतो किंवा मोटार कधीच बदललेली असते. त्यासाठी मीटरच वापरा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला ‘इम्प’ असं इंग्रजीत लिहून एक संख्या असते, समजा ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचीही पिन काढा, फक्त कूलर पंप लावून सुरू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. मिनिटाला १० वेळा लुकलुकला तर तासाला ६०० वेळा, आणि ६०० भागिले ३२०० म्हणजे तासाला जवळपास ०.१९ युनिट. दुपारी बारापासून रात्री दोनपर्यंत चालला तर दिवसाला अडीचच्या वर, महिन्याला ७८-८०. दोन खोल्यांत दोन कूलर असतील तर मे महिन्याचं कोडं इथेच सुटलं. हाच प्रयोग टिल्लू पंपावर करा, पण मे महिन्यात करा. व्होल्टेज उतरलेलं असतं, बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, आणि हिवाळ्यात वीस मिनिटांत भरणारी टाकी तेव्हा तासभर घेते. जुना छताचा पंखा ७०-८० वॅट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पाण्यात टाकायचा हीटर १००० ते १५०० वॅटचा असतो, पण दहा-पंधरा मिनिटंच चालतो, तेव्हा त्याच्यावर राग काढायचं कारण नाही. इन्व्हर्टर मात्र कागदावर आणा. बॅटरी जेवढी वीज परत देते त्याहून जास्त चार्ज होताना खाते, आणि लाइन वारंवार जात असेल तर ही गळती रोजची आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर घरात काय बदललं किंवा बदलणार आहे ते लिहा. मागच्या मे महिन्यात लग्न होतं का? पुण्याहून नातवंडं महिनाभर आली होती का? मुलगा शिकायला नागपूरला गेला की एक कूलर कमी, सून आली की वॉशिंग मशीन जास्त. कडबा कुट्टी, घरची पिठाची चक्की किंवा गोठ्यातली मोटार घरच्याच मीटरवर आहे का, तेही बघा. वावरातल्या पंपाची जोडणी वेगळी असते, तिची युनिटं यात मिसळू नका. शेजाऱ्याचं बिल तर मुळीच आणू नका.

दिवसाच्या सवलतीचा विचार असेल तर आणखी थोडी मेहनत आहे. वेळेनुसार मोजणाऱ्या मीटरवर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे सूट मिळते. किती फायदा होईल ते ‘दिवसा घरी कोणी ना कोणी असतंच’ यावरून ठरत नाही. आठवडाभर ९ ला आणि ५ ला मीटरचा फोटो काढा. उन्हाळ्यात दुपारचा कूलर दिवसाच्या बाजूला येतो, वेचणीच्या दिवसांत घर बंद म्हणून दिवसाचं पारडं हलकं होतं. तेव्हा एक आठवडा मेचा आणि एक डिसेंबरचा. चक्की, टाकी, कपडे यांतलं काय दिवसा हलवता येईल ते घरातल्या बायकांना विचारा, कारण वेळ त्यांची हलणार आहे.

पैशाच्या बाजूने एकच गफलत सांभाळा: एकूण बिलाला युनिटांनी भागून येणारा दर वापरू नका. त्यात स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरलेली रक्कम, असतो आणि तो सोलर लावलं तरी भरावाच लागतो. युनिट वाचतं ते वरच्या स्लॅबमधून आधी वाचतं. त्या स्लॅबचा वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा आकार) आणि वर १६ टक्के वीज शुल्क, ही त्या वाचलेल्या युनिटाची किंमत. जानेवारीत वाचलेल्या युनिटाची किंमत वेगळी, कारण तेव्हा तुम्ही १०० च्या आतच असता.

कागदांत बिल कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली आणि बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, हे घरोघर आहे. अनुदानाच्या अर्जात ते अडतं, तेव्हा नाव बदलायचा अर्ज आधी टाका. वाटण्या होऊन दोन चुली झाल्या आणि मीटर एकच राहिलं असेल तर युनिटं कोणाची किती, हे भावाशी बसून आधी ठरवा.

सोलरवाल्याकडून कोटेशन घेताना बारा ओळींचा तक्ता मागा: दर महिन्याला तुमचा वापर, त्याच्या पॅनलची अपेक्षित वीज, आणि ३१ मार्चला उरणारी शिल्लक. वापराचा रकाना तुमच्या वहीतून भरायचा, त्याच्या अंदाजाने नाही. ‘वर्षाला इतके वाचतील’ एवढंच लिहून देत असेल तर तक्ता येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.