निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश न विचारता आला? या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेनऊला आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ पडते. पानंच पानं, मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात कुठेतरी आपलं नाव. सोमवारी सकाळी दहाला तालुक्याच्या सभागृहात निवडणूक प्रशिक्षणाला हजर राहायचं. घरी काय अडचण आहे, शाळेत काय चालू आहे, कुणी विचारलेलं नसतं. पाच मिनिटांत ग्रुपवर लालबुंद इमोजींची रांग लागते. केंद्रप्रमुख 'कृपया नोंद घ्यावी' एवढं लिहून गप्प होतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मतदान अधिकारी म्हणून तीन आणि केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख, म्हणून दोन निवडणुका केल्या. तो राग मला चांगला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण आदेश ते पहिलं प्रशिक्षण या मधल्या दोन-चार दिवसांतच काही पदरात पाडून घेता येतं, आणि नेमके तेच दिवस आपण ग्रुपवर चिडण्यात घालवतो.

अर्जात 'मला विचारलं नाही' असं लिहिणं

ही सर्वांत मोठी चूक. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १५९ नुसार स्थानिक स्वराज्य संस्था, विद्यापीठं, सरकारी कंपन्या आणि सरकारी पैशावर पूर्णपणे किंवा मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या संस्था यांचे कर्मचारी निवडणुकीसाठी मागवता येतात. कर्मचाऱ्याची संमती घ्यावी असं त्यात कुठेही नाही. कलम २८अ नुसार तर अधिसूचनेपासून निकाल लागेपर्यंत आपण निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहोत असंच मानलं जातं. (पूर्ण विनाअनुदानित खासगी शाळा या यादीत सरळ बसत नाही. तिथल्या शिक्षकाला आदेश आला तर तो मुद्दा जरूर लेखी मांडावा.)

मग कुणीतरी शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ काढतं. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, हा त्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून, हा दुसरा अर्धा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

न विचारण्याचं कारणही तसं रुक्ष आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. त्याच वर्षीची लोकसभा राज्यात पाच टप्प्यांत होती. पाच टप्प्यांत माणसं इकडची तिकडे फिरवता येतात, एका दिवसात नाही. त्यामुळे संगणकावर यादी टाकायची, सरमिसळ करायची, लागतील त्यापेक्षा जास्त माणसं राखीव धरून बोलवायची आणि गळती होईल ती होऊ द्यायची, असा सगळा हिशेब असतो. त्यात तुमच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचा रकाना नाही. तो तुम्हालाच भरून द्यावा लागतो.

मुख्याध्यापकांशी भांडणं

त्यांचंही नाव बहुधा त्याच यादीत असतं. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांतल्या कुणालाही ही नियुक्ती रद्द करता येत नाही. ते फक्त आदेश पोचवतात. अर्ज जातो तो निवडणूक निर्णय अधिकारी किंवा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत तहसील नाहीतर कलेक्टर ऑफिसात. आदेशावर सही कुणाची आहे ते बघा, त्यांच्याच नावे अर्ज करा. मनुष्यबळाचं टेबल कोणतं ते विचारून घ्या. अर्ज आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला अर्जाचा फोटो म्हणजे अर्ज नव्हे. दोन निळ्या खुणांना पोच म्हणत नाहीत.

अर्ज कसा लिहायचा, यावर जरा थांबतो, कारण इथेच बरेच जण घसरतात. एका सहकाऱ्याने लिहिलं होतं: 'मला विश्वासात न घेता केलेली नियुक्ती अन्यायकारक असून ती तत्काळ रद्द करण्यात यावी.' वाचणाऱ्या लिपिकाकडे असे ढीगभर अर्ज असतात. याचं तो काय करणार? गठ्ठ्यात ठेवणार.

दुसऱ्या एका मॅडमचा अर्ज चार ओळींचा होता. आदेशातला अनुक्रमांक. बाळ पाच महिन्यांचं आहे, जन्म दाखला सोबत. नियुक्ती रद्द करावी ही विनंती. ते शक्य नसेल तर राखीव ठेवावं, किंवा निदान प्रशिक्षणासाठी दुपारची तुकडी द्यावी. त्यांचं काम झालं. खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे. 'रद्द करा' एवढंच मागितलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि त्याला नाही म्हणणं सोपं जातं. तुकडी किंवा तारीख बदलून देणं त्याच्या हातात असतं, त्यासाठी वर फाइल पाठवावी लागत नाही.

आजारपणासाठी नुसती औषधाची चिठ्ठी चालत नाही. सरकारी रुग्णालयाचा दाखला मागतात, काही वेळा वैद्यकीय मंडळासमोर उभं करतात. पाठदुखी निवडणूक जाहीर झाल्यावरच सुरू झाली असेल तर ते त्यांच्याही लक्षात येतं, हे सांगायला नकोच. नवरा-बायको दोघांनाही आदेश असतील आणि घरात लहान मूल असेल, तर दोघांचे आदेश जोडून एकासाठी सूट मागा. अशी सूट मिळालेली मी पाहिली आहे.

अर्ज दिला म्हणजे सुटलो, असं समजणं

उत्तर येईपर्यंत आदेश जिवंत असतो. अर्जावर निर्णय नाही आणि प्रशिक्षण उद्यावर आलं, तर प्रशिक्षणाला जायचं. सही करायची, अर्जाची प्रत खिशात ठेवायची. गैरहजर राहिलात तर कारणे दाखवा नोटीस येते आणि तिच्यात लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १३४ लिहिलेलं असतं. त्या कलमातला दंड पाचशे रुपयांपर्यंतच आहे, त्यावरून हसणारे भेटतात. पण तो दखलपात्र गुन्हा आहे आणि विभागीय चौकशीचं लफडं वेगळं. नोटीस आलीच तर त्याच दिवशी उत्तर द्या, शिक्का मारलेली पोच जोडून. 'आदेश फक्त ग्रुपवर आला, हातात नाही' हे उत्तर मी कुठेही टिकलेलं पाहिलेलं नाही. मुळात ग्रुपवर तुम्ही नमस्काराचे हात जोडलेले असतात.

रागाच्या भरात शेवटच्या रांगेत बसणं

ही माझी स्वतःची चूक. पहिल्यांदा केंद्राध्यक्ष झालो तेव्हा प्रशिक्षण नेमकं दिवाळीच्या तोंडावर होतं. संकलित मूल्यमापनाचे पेपर तपासायचे राहिले होते. मी गठ्ठा घेऊन मागे बसलो. पुढे यंत्र जोडून दाखवत होते आणि मी तिसरीचा गणिताचा पेपर तपासत होतो. मनात एकच: मला विचारून बोलावलं होतं का?

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाच. शाळेच्या वऱ्हांड्यात एक पिवळा बल्ब, समोर तीन उमेदवारांचे प्रतिनिधी, अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची यंत्राची चाचणी, सुरू करायचं. बॅलट युनिटची (बटणांचं यंत्र) केबल व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र), व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला (मतं साठवणारं यंत्र), स्विच चालू, आणि पडद्यावर एरर. केबल काढायचं ठरवलं, तर आधी स्विच बंद करावा लागतो याचीही कुणीतरी आठवण करून दिली. शेवटी मतदान अधिकारी क्रमांक दोन असलेले ग्रामसेवक खाली वाकले, व्हीव्हीपॅटच्या मागे हात घातला आणि आडवी कळ उभी केली. ने-आण करताना आडवी, वापरताना उभी. प्रशिक्षणात हे दोनदा सांगितलं होतं म्हणे.

म्हणून सांगतो, सभागृहातलं भाषण हवं तर कानाआड करा, पण यंत्राला हात लावल्याशिवाय घरी जाऊ नका. जोडणी एकदा स्वतः करा. अभिरूप मतदानात किमान पन्नास मतं टाकायची असतात. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने, आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. यातलं 'क्लिअर' राहिलं की ती मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि संध्याकाळी नोंदवहीतला आकडा यंत्राशी जुळत नाही. पुढचा अख्खा आठवडा त्याचा खुलासा लिहिण्यात जातो.

'मागच्या वेळी केलंय, येतं मला' हेही महागात पडतं. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे व्हीव्हीपॅट नसतं, आणि बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला एकापेक्षा जास्त बटणं दाबायची असतात. विधानसभेचा सराव तिथे निम्माच कामाला येतो.

स्वतःचं मत विसरणं

ड्यूटी बहुतेक दुसऱ्याच मतदारसंघात लागते. टपाली मतासाठी नमुना १२ भरावा लागतो आणि तो प्रशिक्षणातच वाटतात. मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच मोबाइलवर काढून न्या, नाहीतर फॉर्म अर्धवट राहतो. २०२३ च्या नियमबदलानंतर मतपत्रिका घरी नेऊन सवडीने पाठवता येत नाही, टपाली मतासाठी उघडलेल्या सुविधा केंद्रावरच मत द्यावं लागतं. लोकसभेला ड्यूटी आपल्याच मतदारसंघात लागली तर नमुना १२अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ड्यूटीच्या केंद्रावरच मत देण्याचा दाखला, घेता येतं.

शाळा वाऱ्यावर सोडणं

दोन शिक्षकांची शाळा आणि दोघांनाही एकाच दिवशी बोलावणं, हे हमखास होतं. आहार शिजवणाऱ्या ताई तांदूळ धुऊन बसतात आणि कुलूप उघडायला कुणी नसतं. आदेश आला त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना लेखी कळवून पर्यायी शिक्षक मागा. मिळत नसेल तर दोघांपैकी एकाची तुकडी बदलून घ्या. इथे एक आधार कामी येतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात, शिक्षकांना मतदार यादी पुनरीक्षणाचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, एरवी शाळेच्या वेळेत सहसा लावू नये, असं सांगितलं. त्याने काम टळत नाही, पण प्रशिक्षण रविवारी घ्या असं मागायला तोंड मिळतं.

आणि हे सगळं निवडणुकीपुरतं. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) प्रशिक्षणासाठी तालुका सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, म्हणून परस्पर नाव कळवलं गेलं असेल, तर तिथे निवडणुकीचे हे कायदे लागू नाहीत. मोकळेपणाने, लवकर आणि लेखी नाही म्हणा. शेजारच्या शाळेतल्या उत्साही गुरुजींचं नाव सुचवलंत तर आणखी चांगलं.

तक्ता न बघता सही करणं

आता शेवटचं, जे खरं तर सर्वांत आधी घडतं. निवडणुकीच्या काही महिने आधी शाळेकडून कर्मचाऱ्यांची माहिती मागवतात: नाव, पद, वेतनश्रेणी, मतदार यादीतला क्रमांक, मोबाइल, बँक खातं, शेरा. 'आज चारपर्यंत' असा निरोप असतो. मुख्याध्यापक मागच्या वर्षीची फाइल उघडतात, तारीख बदलतात आणि पाठवून देतात. म्हणून बदली होऊन गेलेल्यांना आदेश निघतात, निवृत्तांना निघतात, आणि एका शाळेत तर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या गुरुजींना निघाला होता. विचारणा झालेली असते ती या तक्त्याकडे. दिव्यांगत्व, गंभीर आजार, प्रसूती रजा हे सगळं शेऱ्याच्या रकान्यात जायला हवं, तिथे आडवी रेघ असते. भत्ता न येण्याचं कारणही बऱ्याचदा याच तक्त्यातला खाते क्रमांकाचा चुकलेला आकडा असतो.

आमच्या शाळेत आता तो तक्ता मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचतात. गेल्या वेळी वाचताना कळलं, की माझ्यासमोर पद 'शिपाई' लिहिलेलं होतं. मी क्षणभर गप्प बसायचा विचार केला.