पद्मिनीला फॉग लाइट लावायचेत? मग आधी वायरिंगकडे बघा

पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी नाहीतर माळशेजला जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच्या घराण्यातली गाडी, घेऊन जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, धुकं उतरलं की हेडलाइटचा काही उपयोग नसतो. अप्पर मारला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, कारण धुक्यातले पाण्याचे थेंब उजेड परत आपल्याच डोळ्यात फेकतात. म्हणून फॉग लाइट खाली बसवतात आणि त्याचा झोत चपटा, रुंद आणि वरून कापलेला असतो, म्हणजे रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दिसतो. लांबचं दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, ते त्याचं कामच नाही.

आता दुकानात गेलात की पोरगा आधी एलईडी बार दाखवणार. घेऊ नका. त्याला वरून कट नसतो, समोरचा ट्रकवाला आंधळा होतो आणि क्रोमच्या बम्परवर ते दिसतंही भयंकर. पाच-सहा इंची गोल, क्रोम रिम, काचेवर उभ्या रेघा असलेले जुन्या पद्धतीचे हॅलोजन दिवे बघा, एच-३ प्रकारच्या बल्बचे मिळतात. आणि हॅलोजनच्या दिव्यात नंतर एलईडी बल्ब कोंबायचा नाही, रिफ्लेक्टर त्याच्यासाठी बनलेला नसतो, उजेड वाट्टेल तिकडे फाकतो. पिवळा की पांढरा यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला पिवळा डोळ्याला बरा वाटतो एवढंच, खरा फरक झोताच्या आकाराने पडतो.

खरी गोम वीज पुरवण्यात आहे. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास. तुमच्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) असेल तर हा मुद्दा सोडून द्या. पण जुनी फियाट असेल आणि अजून वीज बनवणारा जुन्या पद्धतीचा डायनामोच असेल तर जरा विचार करा, कारण डायनामो कमी आरपीएमला जवळजवळ काहीच देत नाही आणि धुक्यात तर आपण दुसऱ्या गिअरमध्ये रांगतच असतो, वर हेडलाइट चालू, वायपर चालू, हॉर्न चालू. म्हणजे सगळा भार बॅटरीवर. घाट संपेपर्यंत चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो आणि वर चहाला थांबलात की गाडी ढकलस्टार्ट. अशा गाडीला ३५ वॉटचे बल्ब टाका, धुक्यात तेवढे पुरतात, नाहीतर अल्टरनेटर बसवून घ्या, त्याचा फायदा इतर वेळीही होतोच.

पद्मिनी १२ व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, आहे म्हणून सोपं जातं. मित्राची मॉरिस मायनर असेल तर ती मुळात पॉझिटिव्ह अर्थची असते, तिथे एलईडीवालं काहीही उलटं जोडलं की गेलंच. आणि बऱ्याच जुन्या फोक्सवॅगन बीटल ६ व्होल्टच्या असतात, आधी बॅटरीवर वाचून घ्या.

बसवायचे कुठे, तर बम्परला भोक पाडू नका, प्लीज. क्रोमला ड्रिल लागलं की तिथून गंज सुरू होतो आणि नंतर ओरिजिनल करायचं म्हटलं तरी भोक राहतंच. बम्पर ज्या बोल्टने धरलाय त्याच बोल्टवर एल आकाराची पट्टी बसेल अशी फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या, ५ मिलिमीटर जाडीची, पातळ पट्टी थरथरते आणि झोत नाचतो. बोल्ट थोडा लांब लागेल, नट नायलॉकचा (आत नायलॉनची रिंग असलेला, ढिला न होणारा) घ्या. दिवे ग्रिलच्या मधोमध आणू नका, रेडिएटरची हवा अडते आणि घाटात ही गाडी तशीही तापायला टपलेलीच असते. दोन्ही कडेला, हेडलाइटच्या खाली, टेपने मोजून सारख्या अंतरावर. पट्टीवर उभा करण्याऐवजी खालून लटकवणार असाल तर काचेवर किंवा रिमवर वरची बाजू कुठली याची खूण असते ती बघा, ती वरच राहिली पाहिजे. दिवा उलटा बसला तर कट खाली जातो आणि सगळा उजेड झाडांवर. आतलं पाणी निघायचं बारीक भोकही खालीच यायला हवं.

वायरिंग. हेडलाइटच्या वायरला जोड मारून काम उरकणारे वायरमन खूप आहेत, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. जुन्या वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं, त्यात आणखी ९ अँपिअर ढकलायचे म्हणजे धुराला आमंत्रण. रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावाच, चार पायाचा साधा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि पायांवर नंबर छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लांब लावला तर मधली वायर कुठे घासली तरी तो उडणारच नाही. ८७ वरून दोन्ही दिव्यांना, ८५ अर्थ, आणि ८६ ला डॅशखालच्या स्विचवरून येणारी वायर, इथे १ स्क्वेअर एमएम बास झाली कारण रिलेची कॉइल फार थोडा करंट खाते. स्विचला सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरवरून घ्या, म्हणजे पार्किंग बंद केलं की फॉगही बंद, रात्रभर जळत राहायची भानगड नाही. डॅशबोर्ड फोडू नका, खाली छोटी पट्टी लावून जुन्या स्टाइलचा टॉगल बसवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेची रिंग, हवाच, आणि पंख्यापासून लांब स्लीव्हमधून न्या.

अर्थ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दिवा मिणमिणतो, लोक बल्ब बदलत बसतात आणि गंजलेल्या पट्टीवरच अर्थ दिलेला असतो. बॉडीचा रंग खरवडून चकाकणारा पत्रा दिसू द्या, वायरच्या टोकाला गोल लग (भोकाचं टर्मिनल) नीट दाबून, म्हणजे क्रिम्प करून, बोल्टखाली आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. सगळं झालं की इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टीमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या टोकांवर व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी जोड कच्चा आहे, शोधा.

शेवटी झोत लावायचा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर कोणालातरी बसवा, सपाट जमिनीवर भिंतीपासून दिवे २५ फुटांवर येतील अशी गाडी उभी करा. दिव्याच्या मधल्या बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने आडवी रेघ मारा आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ४ इंच खाली येईपर्यंत दिवा वाकवा, मग नट आवळा आणि आवळल्यावर परत बघा कारण आवळताना तो हमखास वर उचलला जातो. पद्मिनीचे मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेले असतील किंवा डिकीत चौघांचं सामान भरलं असेल तर पुढचं तोंड वर होतं आणि झोतही वर जातो, तेव्हा आणखी एखादा इंच खाली घ्या. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पट्टीचे नट एकदा पान्याने चेक करा, नवीन पट्टी बसताना थोडी ढिली होतेच.