खिळ्यांवरची पांढरी पूड

जुन्या छापखान्यातला खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांचा, खण ओढला आणि त्यांच्यावर पिठासारखी पांढरी पूड दिसली, तर फुंकर मारू नका. ती धूळ नव्हे. ते शिशाचं कार्बोनेट आहे, पूर्वी रंगात पडायचा तोच सफेदा, आणि तो विषारी आहे.

खिळ्याच्या धातूत बहुतांश शिसं, कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडं कथील असतं. हवेत त्यावर जो राखाडी थर येतो तो धातूला राखतो. चकचकीत करण्याच्या नादात तो घासून काढू नये. घात होतो तो बंद खणात. लाकूड, आणि त्याहून जास्त प्लायवूड-एमडीएफ, आम्लाची वाफ सोडत असतात. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल त्यात मुख्य. ते शिशाचं अ‍ॅसिटेट करतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळं होऊन शेजारचा खिळा धरतं. म्हणून ही कीड एकदा लागली की खणभर पसरते. मुंबईत पावसाळाभर हवा ८० टक्क्यांच्या वर ओली, त्यात गिरगावातल्या एखाद्या चाळीचा बंद पोटमाळा. मग विचारायलाच नको.

काम सुरू करताना पंखा बंद करा, खिडकी उघडी ठेवा. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. कापडी मास्कचा उपयोग नाही. खाली वर्तमानपत्र पसरा. कोरडा ब्रश, तारेचा ब्रश, घरचा व्हॅक्यूम क्लीनर यांतलं काहीही वापरू नका, पूड हवेत जाते. सुती चिंधी टर्पेंटाइनच्या जागी मिळणाऱ्या मिनरल स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये ओली करून एकेक खिळा पुसा, जवळपास आग नको. पाण्यात भिजवू नका: आरओचं किंवा पावसाचं मऊ पाणी शिशाला खातं. व्हिनेगर, लिंबू, चिंच तर नकोच, तांब्या-पितळेची युक्ती इथे उलटते.

शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्या. खोबरेल किंवा जवसाचं तेल नाही, त्यातली मेदाम्लंही शिसं खातात. अक्षराचा माथाच फुगून भुसभुशीत झाला असेल, तर तो खिळा छपाईला गेला. पुसून काही परत येत नाही.

साठवणीला झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा डबा घ्या, पुठ्ठ्याचं खोकं नको. पाच लिटरच्या डब्यात ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी ठेवा. डबा अर्धाच भरा, तेवढ्यातच वजन पंधरा किलोच्या आसपास जातं, त्याहून जास्त भरला तर डब्याची कडा फाटते. जेलचा रंग बदलला की पुडी बदला. ती स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये वाळवण्याचा उद्योग करू नका.

काम संपल्यावर हात साबणाने, नखांसकट धुवा. तोवर चहा, तंबाखू, मोबाइल काहीही नाही. कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत: शिशाची सुरक्षित अशी मात्रा ठाऊक नाही. चिंध्या आणि वर्तमानपत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धोकादायक कचरा म्हणूनच द्या. बाद खिळे घरच्या शेगडीवर वितळवू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या शिसे-पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच पाठवा.