विकायच्या घरातली बेडरूम लावताना

लिफ्टचं दार बंद झालं की घर बघायला आलेली पार्टी खरं बोलते. घरात असेपर्यंत "छान आहे हो, हवा मस्त येते" असं चाललेलं असतं. मालकांनी दिलेलं पाणी पिऊन होतं, बाल्कनीतून खाली डोकावून होतं. आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत बाई म्हणते, "आईंचं कपाट कुठे ठेवणार आपण?" नवरा म्हणतो, "दुसरी बेडरूम म्हणजे नुसतं खोकं आहे." विकायची घरं लावून देण्याच्या या कामातलं निम्मं शिक्षण मी पुण्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये घेतलं आहे.

मी मूळची पडदे शिवणारी. कोथरूडमधला रिसेलचा एक टू बीएचके चार महिने पडून होता, तेव्हा ओळखीच्या एजंटदादांनी सांगितलं, "ताई, निदान पडदे तरी बदलून द्या." पडदे लावायला शिडी ठेवायची तर जागाच नव्हती. म्हणून बेडरूममधल्या वस्तू एकेक करून बाहेर काढायला लागले आणि संध्याकाळपर्यंत निम्मी खोली रिकामी झाली. मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, ही खोली एवढी मोठी होती होय!" त्या दिवसापासून माझा धंदा बदलला.

अमेरिकेत याला होम स्टेजिंग म्हणतात. सिअ‍ॅटल भागात घरविक्री करणाऱ्या बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७२ साली ते सुरू केलं, असं श्रेय त्यांना दिलं जातं. आपल्याकडे हा शब्द इन्स्टाग्रामवरच राहिला आहे. एजंटचा फोन येतो तो "घर जरा लावून द्या" असाच. नव्याने या कामात येऊ पाहणाऱ्या मुली मला आधी कोर्सचं विचारतात. कोर्स करा, वाईट काही नाही. पण त्याआधी एखाद्या एजंटबरोबर वीस व्हिजिटा करा. हातात मेजरिंग टेप, तोंड बंद. आणि परत येताना जिना घेऊ नका, पार्टीबरोबर लिफ्टनेच उतरा.

अमेरिकेतल्या रिअल्टर, म्हणजे घरांच्या एजंट लोकांच्या पाहण्यांमध्ये सजवण्याच्या दृष्टीने हॉल पहिला आणि मास्टर बेडरूम दुसरी येते. आपल्याकडे बाई आधी स्वयंपाकघरात शिरते, ओटा किती लांब आहे ते बघते, सिंकचा नळ सोडून बघते. पण व्यवहार अडकतो तो बेडरूममध्येच, असा माझा अनुभव आहे. हॉल आवडतो किंवा आवडत नाही. बेडरूममध्ये मात्र माणूस हिशोब करतो. आपला पलंग, आपलं कपाट, झोपलेलं बाळ, रात्री तीनदा उठणारे सासरे, या सगळ्यांना तो मनातल्या मनात तिथे ठेवून बघत असतो. त्याच वेळी समोर दुसऱ्याच कुणाचा संसार खच्चून भरलेला असला की हिशोब चुकतो.

हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. आपल्याकडची साधारण खोली दहा बाय अकरा फूट, म्हणजे १२० बाय १३२ इंच. किंग साइज गादी ७२ बाय ७८ इंच. कपाट भिंतीपासून २४ इंच पुढे येतं. पलंगाचं डोकं दहा फुटी भिंतीला लावलं आणि बाजूच्या भिंतीला कपाट आलं, तर १२० मधून २४ गेले, ७२ गेले, उरले २४. त्यातही पलंगाची चौकट गादीपेक्षा दोन-तीन इंच मोठी. कपाटाचं दार पुरतं उघडायला अठरा-वीस इंच लागतात, म्हणून लोक पलंग पलीकडच्या भिंतीला चिकटवतात आणि आतल्या बाजूला झोपणारा रात्री दुसऱ्याच्या अंगावरून उतरतो. तिथेच क्वीन साइज, ६० इंच, ठेवली तर ३६ इंच उरतात. बारा इंचांचाच फरक, पण छत्तीस इंचांत माणूस सरळ चालतो, चोवीस इंचांत अंग आडवं करून सरकतो. पार्टी खोलीत शिरताना आडवी झाली की समजा, लिफ्टमध्ये 'खोकं' हा शब्द येणार.

मालक काही तुमच्यासाठी नवा पलंग घेणार नाहीत. म्हणून मी सुताराकडून तीस इंची दोन दिवाण करून घेतले आहेत. दोन्ही सुटे असल्याने लिफ्टमध्ये मावतात, वर नेऊन जोडायचे आणि वर एक क्वीन गादी टाकायची. मालकांचा मोठा पलंग सुटा करून नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवतो. यात फसवणूक आहे का? मला वाटत नाही. खोली आहे तेवढीच आहे. मी तर मापं लिहिलेला कागद एजंटच्या हातात देते आणि पार्टीने विचारण्याआधीच तो दाखवायला लावते.

रिकाम्या फ्लॅटमध्ये उलटी गंमत होते. काहीच नसलं की खोली मोठी वाटेल असं आपल्याला वाटतं, पण ती लहानच वाटते, कारण नजरेला माप मिळत नाही. दिवाण नेणं शक्य नसेल तर फरशीवर मास्किंग टेपने पलंगाची चौकट आखा. लोक त्या चौकटीला वळसा घालून चालतात, पट्टीवर पाय देत नाहीत. मला अजून हसू येतं.

भरल्या घरात काढायला सुरुवात वरून करायची. कपाटावर जुन्या साडीत गुंडाळलेल्या बॅगा, मिक्सरचं रिकामं खोकं, गणपतीच्या मखराचा थर्माकोल. ते उतरवलं की भिंत छतापर्यंत दिसते आणि निम्मं काम तिथेच होतं. मग दारामागचे हुक. तिथे टॉवेल, परकर, ओढण्या, पिशव्यांची पिशवी असं इतकं लटकलेलं असतं की दार पूर्ण उघडत नाही आणि घरच्यांना ते माहीतही नसतं. मग उशाजवळची औषधं, चार्जरच्या वायरी, ड्रेसिंग टेबलच्या आरशावर चिकटवलेल्या टिकल्या. टिकल्या काढताना जपून, पुष्कळ बायकांना ते आवडत नाही. आणि हार घातलेले फोटो स्वतःच्या हाताने उतरवू नका. मी एकदा उतरवले. त्या घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, पण नंतर चार तास माझ्याशी कुणी बोललंच नाही. आता मी विचारते, "आजी, यांना काही दिवस देवघराजवळ बसवायचं का?" बहुतेक वेळा त्या स्वतःच उठून हलवतात.

बॉक्स बेड लोक उघडून बघतात, हे कायम लक्षात ठेवा. कपाटंही उघडतात, विशेषतः फर्निचरसकट घर विकायचं असेल तेव्हा. हायड्रॉलिकचं झाकण वर गेलं की आतून डांबरगोळ्यांचा भपकारा येतो आणि बाईचा हात नाकाकडे जातो. गोळ्या आधीच काढा, गोधड्या-रजयांना दोन दिवस उन्हं दाखवा, बेड दोन दिवस उघडा ठेवा आणि मग वेखंडाची पुरचुंडी टाका. आतली निदान एक तृतीयांश जागा मोकळी दिसली पाहिजे. ठासून भरलेलं कपाट सांगतं की या घरात जागा पुरत नाही.

पडद्यांवर मी तासभर बोलू शकते, पण मोजकंच सांगते. रॉड खिडकीच्या चौकटीच्या सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर लावा. पडदा बाजूला केला की तो भिंतीवर जमा व्हावा, काचेवर नाही. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांचे मिळतात. लोक खिडकी म्हणून पाच फुटी घेतात आणि तो मध्येच लोंबकळतो, आखूड विजारीसारखा. सात फुटी घ्या, खाली टेकेल एवढा रॉड चढवा किंवा खालची पट्टी वाढवून शिवा. गर्द मरून, सोनेरी वेलबुट्टी नको. फिकट रंगाचं सुती किंवा लिननसारखं कापड पुरे. चादरीचंही तेच. परदेशी फोटो बघून पांढरीशुभ्र चादर आणि आठ उशा मांडू नका, आपल्या माणसाला लॉज आठवतं. फिकट चादर, दोन उशा आणि पायथ्याशी घडी घातलेली सोलापुरी चादर. माझं ठरलेलं आहे.

दिवे मात्र बदलाच. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली कुठलीही बेडरूम क्लिनिकसारखी दिसते. ३००० केल्विनच्या आसपासचे दोन पिवळसर बल्ब दीडशे-दोनशे रुपयांत काम करून जातात.

दुसरी बेडरूम हे बहुतेक घरांत गोदाम असतं. इस्त्रीचं टेबल, कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल, परदेशातल्या मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तकं. तिथे एक पलंग आणि एक टेबल दिसलंच पाहिजे, नाहीतर पार्टी भाव 'दीड बेडरूम'चा लावते. आजारी माणसाच्या खोलीत मात्र घाई करू नका. कमोडची खुर्ची, फाउलर बेड म्हणजे हॉस्पिटलमधला डोकं वर करता येणारा पलंग, डेटॉलचा वास, हे लपवायला गेलात तर ते माणूसही लपवल्यासारखं होतं. मी अशा घरी एजंटला आधीच पार्टीला सांगायला लावते की आत आजोबा झोपलेले असतात, दारातूनच बघा. लोक समजून घेतात. बहुतेकांच्या घरी कुणीतरी तसं असतंच.

वास्तूवर तुमचा विश्वास असो नसो, डोकं दक्षिणेला किंवा पूर्वेला येईल असाच पलंग लावा, बीमखाली तो येऊ देऊ नका आणि आरसा पलंगासमोर ठेवू नका. या तीन गोष्टींवरून मोडलेले सौदे मी बघितले आहेत. पितृपक्षात काम धरू नका, कुणी फिरकत नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आधीचे तीन आठवडे धरा. पश्चिमेची बेडरूम एप्रिलमध्ये सकाळी दाखवावी. दुपारी तिथे भिंतसुद्धा तापलेली असते. मात्र पार्टीने विचारलं तर दुपारनंतर तापते हे खरं सांगावं.

हे मी अक्कलखाती जमा करून शिकले. दुसऱ्याच वर्षी एका घरात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती, खाली पोपडे सुटलेले. मालक म्हणाले, "सोसायटी पावसाळ्यानंतर बघणार आहे." मी पोपडे खरवडले, पुट्टी मारली आणि वरून फिकट पानांचा वॉलपेपर लावला. खोली इतकी सुंदर दिसली की माझे मीच दहा फोटो काढले. पार्टीने टोकन दिलं. जुलैमध्ये ते मापं घ्यायला पुन्हा आले तेव्हा वॉलपेपर पापडासारखा फुगला होता. त्या गृहस्थांनी कोपरा धरून तो ओढला आणि हाताला लागलेली काळी बुरशी मला दाखवली, एक शब्द न बोलता. टोकन परत द्यावं लागलं, एजंटने माझा फोन घेणं वर्षभर बंद केलं. पसारा काढणं माझं काम आहे, ओल झाकणं नाही. आता ओल दिसली की आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा म्हणते आणि तोपर्यंत काम घेत नाही.

पैशांचं थोडक्यात. टक्केवारीवर काम करू नका. सौदा लांबतो, मोडतो, कधीकधी नात्यातच होतो आणि तुम्हाला कळतही नाही. खोलीमागे ठरावीक रक्कम, निम्मी आधी. दिवाण-गादीचं भाडं महिन्याच्या हिशोबाने वेगळं. उचलायची तारीख कागदावर लिहून घ्या, नाहीतर तुमची गादी पाहुण्यांसाठी कायमची राहते.

एक गोष्ट मला उशिरा समजली. सहकारनगरमधल्या एका घरी काका-काकू दोघंच राहत होते. बेडरूम लावून दिली, काकूंना आवडली. तीन आठवड्यांनी सकाळी आठलाच एक व्हिजिट ठरली म्हणून मी साडेसातला पोचले. हॉलमध्ये जमिनीवर दोन सतरंज्या, काका अजून झोपलेले. मी लावलेला पलंग तसाच, एक सुरकुती नाही. काकू ओशाळून म्हणाल्या, "अगं, मोडला तर तू घातलास तसा आम्हाला जमायचा नाही. आणि फोन कधी येईल सांगता येत नाही ना." काकांचे दोन्ही गुडघे दुखत होते आणि तीन आठवडे ते जमिनीवर झोपत होते.

तेव्हापासून पलंगावर मी इलॅस्टिकवाली चादर, दोन अभ्रे आणि एकच वरची घडी एवढंच ठेवते. निघण्याआधी सगळं विस्कटते आणि घरातल्यांकडून घालून घेते, मोबाइलवर वेळ लावून. त्या दिवशी काकांना सात मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "बाजूला व्हा, मी करते," आणि दोन मिनिटांत झालं.